चार तारांचा राग

शनिवारची सकाळची शाळा आटोपून राजकुमार घरी आला, तेव्हा त्याचे सासरे कडुबा दिवाणावर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर पिवळ्या लाकडाची एक नवीकोरी गिटार होती.

“घ्या जावईबापू,” ते म्हणाले. “पुऱ्या सहा. मोजून आणल्यात.”

राजकुमारने आधी कोपऱ्यात पाहिलं. तिथला स्टँड रिकामा होता.

“मामा, माझी गिटार कुठंय?”

“हीच की. बदलून आणली.”

राजकुमारला राग फार लवकर येत असे. शाळेत तो गणित शिकवायचा आणि भागाकार चुकला की त्याच्या हातातला खडू मोडायचा. पण सासऱ्यावर ओरडायची सोय नव्हती. एक तर ते वडीलधारे, त्यातून लासूर स्टेशनहून खास त्याचाच कार्यक्रम ऐकायला आलेले. त्याने मान वर केली आणि तो पंख्यावर ओरडला, “हा पंखा कुणी चालू ठेवलाय?”

“मी,” स्वयंपाकघरातून त्याची बायको रूपा म्हणाली. “उन्हाळा हाय म्हणून.”

आता त्या गेलेल्या गिटारीबद्दल सांगायला हवं. लीलाबाईंच्या गायन पार्टीत राजकुमार कितीतरी वर्षं मागच्या रांगेत बसून खंजिरी वाजवायचा. पार्टी भीमगीतं गायची. लीलाबाईंचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या सतरंजीवर बसलेल्याला शब्द न् शब्द कळावा. कीबोर्डवर मोहियोद्दीन असे. खालचे जाड सूरही तोच डाव्या हाताने सांभाळायचा. यंदा लीलाबाई म्हणाल्या, “खालून भरल्यासारखं नाय वाटत. गाणं कसं जमिनीतून यायला पायजे.” राजकुमारने हात वर केला. खंजिरीतून सुटायची ही एकच संधी होती. त्याने बेस गिटार घेतली. लांब दांड्याची, जाडजूड चार तारांची, स्पीकरला जोडल्याशिवाय ऐकू न येणारी.

घेतली तेव्हा तिच्या तारा दांड्यावरच्या पट्ट्यांपासून इतक्या उंच होत्या, की दाबताना बोटांना घट्टे पडायचे. राजकुमारने ती स्वतः जुळवली. दांड्याच्या आत एक लोखंडी सळई असते. ती बारक्या किल्लीने किंचित पिळायची, मग दांडा आपल्या जागी बसेपर्यंत दम धरायचा. खाली प्रत्येक तारेला तिचा स्क्रू असतो, तो केसभर इकडे, केसभर तिकडे करायचा. तार फार वर राहिली तर बोटं मरतात, फार खाली गेली तर पट्टीला लागून चरचरते. या सगळ्यात राजकुमारची सुट्टी गेली, रूपाशी बोलणं गेलं, आणि शेवटी बेस असा जुळला, की हात ठेवला की सूर निघावा.

आणि मग लोक बघायला आले.

“हप्त्यावर घेतली का?” खालच्या मजल्यावरच्या गीताबाईंनी विचारलं. “म्हणून आत्ता चारच तारा दिल्या असतील.”

मुख्याध्यापक म्हणाले, “सुरुवातीला चार बऱ्या. हात बसला की सहा लावून घ्या.”

राजकुमारने पहिल्यांदा शांतपणे समजावलं, नंतर दात आवळून, आणि शेवटी दार लावून घेऊन.

कडुबा मात्र काही विचारणाऱ्यांतले नव्हते. लासूरच्या मोंढ्याच्या बाजारात त्यांचं सगळं आयुष्य मापाडी म्हणून काट्यापाशी गेलं होतं. कांद्याच्या गोणीकडे नुसतं बघून ती पुरी भरली की मापात मारली हे ते सांगायचे. आदल्या संध्याकाळी आल्या आल्या त्यांनी जावयाच्या गिटारीच्या तारा मोजल्या, मग मोबाइलमध्ये एका गिटारवाल्याचा फोटो बघून त्याच्या तारा मोजल्या. सकाळी राजकुमार शाळेत गेल्यावर गिटारीच्या खोळीवरचं दुकानाचं नाव वाचून ते ती घेऊन रिक्षाने थेट औरंगपुऱ्यातल्या दुकानात पोचले.

“मापात पाप!” ते आता रंगात येऊन सांगत होते. “मी म्हणलं, शिकलेल्या माणसाला फसवितो व्हय? तर तो दुकानवाला म्हणतो, काका, हे बेस हाय. मी म्हणलं, बेस असतं तर मी इथवर आलो असतो का? दोन तारा कमी, अन् म्हणं बेस! तो आपला तेच. बेस हाय काका, बेस हाय. मग मी बी आवाज चढविला. माणसं जमली. मग कसा गुमान सहावाली काढून दिली!”

“दादा, यांना इचारायचं तरी,” रूपा वडिलांना म्हणाली.

“त्यांना काय इचारायचं? त्यांनीच तर फसून आणली.”

राजकुमारने चपला परत पायात घातल्या. संध्याकाळी पडेगावला कार्यक्रम होता. बेस नसेल तर लीलाबाई काही बोलणार नाहीत, नुसती खंजिरी पुढे करतील, हे त्याला दिसत होतं. त्याने ती पिवळी गिटार उचलली.

“मी बी येतो,” कडुबा उठले. “एकट्याला परत फसवतील तुम्हाला.”

मोटारसायकलवर मागे कडुबा आणि त्यांच्या कवेत गिटार. राजकुमार वाटेत सिग्नलवर ओरडला, गतिरोधकावर ओरडला, एका म्हशीवर ओरडला. कडुबा मागून म्हणाले, “तुम्हाला पित्ताचा तरास हाय का?”

दुकानदार अतुल त्यांना बघताच काउंटरमागून बाहेर आला. तोही तापलेलाच होता.

“सर, तुमच्या सासऱ्यांनी भर दुकानात मला चोर म्हटलं! दोन गिऱ्हाइकं हात न लावता निघून गेली. तुम्हाला किती फोन केले!”

“फोन शाळेत कपाटात असतो! माझा बेस द्या!”

“बेस नाही इथं.”

“नाही म्हणजे?”

“मला वाटलं तुम्ही परत केला. त्या बँडवाल्या शिवमचा बेस बिघडलाय, त्याला आज लग्नात वाजवायचंय. तो घेऊन गेला.”

“मी जुळवलेला बेस तुम्ही दुसऱ्याच्या हातात दिलात?”

“मग काय करू? त्याला ओवाळत बसू?”

दोघं एकमेकांवर इतक्या मोठ्यांदा ओरडले, की कडुबांनाच मध्ये पडावं लागलं. “भांडू नका,” ते म्हणाले. “चांगल्या माणसांनी अशानं भांडू नये.” यावर अतुलने कपाळाला हात लावला आणि लग्नाचा पत्ता सांगितला.

लग्न दौलताबाद रस्त्याच्या एका लॉनवर होतं. अक्षता पडून गेल्या होत्या आणि पंगती चालू होत्या. स्टेजच्या बाजूला शिवमचा बँड वाजत होता. लांबूनच राजकुमारला आपला बेस दिसला. दिसला त्याआधी ऐकू आला, आणि जे ऐकू आलं त्याने त्याच्या मस्तकात तिडीक गेली. तारा चरचरत होत्या. शिवमने आपल्या सोयीसाठी त्या पार खाली उतरवल्या होत्या.

“थांबव!” राजकुमार मांडवात शिरता शिरता ओरडला. “आधी थांबव ते!”

लग्नात असा लाल चेहऱ्याने ओरडत येणारा माणूस म्हणजे एकच. मानपान राहिलेला पाहुणा. वधूचे काका सर्जेराव सकाळपासून असेच पाहुणे विझवत फिरत होते. ते धावत आले.

“चुकलं आमचं,” ते हात जोडून म्हणाले. “गर्दीत राहून गेलं. मुलाकडचे ना तुम्ही?”

“मी कुणाकडचा नाही! मला माझी वस्तू पाहिजे!”

“मिळंल, मिळंल. सगळं मिळंल. ए, फेटे आणा दोन!”

राजकुमारला बोलायची संधी मिळेपर्यंत त्याच्या डोक्याला गुलाबी फेट्याचे दोन वेढे बसले होते. तो झटकायला गेला, तर फेटेवाल्याने हनुवटी धरून मान सरळ केली. जितका तो जास्त चिडला, तितकं सर्जेरावांचं मत पक्कं होत गेलं, की हा साधासुधा पाहुणा नाही, नवरदेवाचा सख्खा मावसा तरी असणार. टॉवेल-टोपी आली. दोन खुर्च्या पहिल्या रांगेत आल्या. कुणीतरी जिलबीचं ताट हातात दिलं.

“मला जेवायचं नाही!”

“बघा, जेवायला बी तयार नाहीत,” सर्जेराव मागे वळून हताशपणे म्हणाले. “लई दुखावलेत.”

कडुबा फेटा बांधून, शांतपणे जिलबी खात होते. बोट चाटून ते म्हणाले, “हे बघा पावणं. आमच्या जावयाचा राग एकाच गोष्टीनं जाईल.”

“सांगा. काय बी सांगा.”

“त्या पोराच्या गळ्यात हाय ना, ती गिटार पायजे त्यांना.”

सर्जेरावांनी सकाळपासून सोफा बदलून दिला होता, एका आत्याबाईंना गाडी मागे पाठवून आणलं होतं. त्यांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. ते स्टेजपाशी गेले. “दे रे बाबा. देऊन टाक.”

“अहो काका, मग मी काय वाजवू?” शिवम कळवळला.

राजकुमारने कडुबांजवळची पिवळी गिटार उचलून त्याच्या हातात कोंबली. “ही वाजव! सहा तारा आहेत! पुऱ्या!”

पडेगावला विहारासमोरच्या मैदानात ते पोचले, तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या आणि लीलाबाई माइकसमोर उभ्या होत्या. त्यांनी राजकुमारला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“जय भीम. लगीन लागलं का?”

राजकुमारने फेटा उपसून काढला आणि वायर जोडली. तारा वर घ्यायची बारकी किल्ली घरी होती. पहिलं गाणं सुरू झालं. बोट ठेवलं की तार चरचरतेय हे त्याला बोटालाच कळत होतं. आता कुणीतरी वळून बघेल, लीलाबाईंच्या कपाळावर आठी पडेल, म्हणून तो मान खाली घालून वाजवत राहिला. पण गाणं मजेत पुढे गेलं. टाळ्या पडल्या. दुसरं गाणं झालं. मोहियोद्दीन डोळे मिटून डोलत होता. कुणाचीही कसलीच तक्रार नव्हती, आणि याचाच राजकुमारला जास्त राग येऊ लागला. एवढी घाण वाजतेय आणि कुणाला कळूही नये?

कडुबा स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसले होते. दिवसभर ज्या वस्तूपायी एवढं रामायण झालं, तिचा आवाज कसा असतो हे त्यांना ऐकायचं होतं. कानाला हात लावून बसले, खुर्ची पुढे सरकवली, मग उठून साउंडवाल्याकडे गेले.

“आमच्या जावयाचा आवाज कुठंय?”

“कोणते जावई?”

“ते बघ. लांब दांड्यावालं.”

साउंडवाल्याने बटणांवरून नजर फिरवली. “अरे, ते चालूच नाय केलं. कुणी सांगितलंच नाय.”

“मग कर! पुरं माप दे!”

कडुबांचा मोंढ्यातला आवाज ऐकून साउंडवाल्याचा हात दचकला आणि बटण पार वरपर्यंत गेलं.

धडाम्म! विहाराच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. समोरच्या रांगेतल्या म्हातारीच्या हातातला चहा सांडला. लीलाबाई ओळीच्या मध्येच थांबल्या. सगळं मैदान थांबलं.

“हे काय होतं?” त्यांनी माइकवरच विचारलं.

“बेस,” राजकुमार म्हणाला.

“मग मघापासून खाली कोण वाजवीत होतं?”

मोहियोद्दीनने कीबोर्डवरून डावा हात हळूच उचलला. “मैं था, बाजी. आदत पड गई ना.”

राजकुमारच्या अंगाची लाही लाही झाली. एवढी उठाठेव, एवढा संताप, आणि दोन गाणी तो मुक्याने वाजवत होता! पण भर कार्यक्रमात ओरडणार कुणावर? साउंडवाल्याने आवाज बेताने खाली घेतला. मोहियोद्दीनने डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. लीलाबाईंनी ओळ पुन्हा उचलली.

आता खाली दुसरं कुणी नव्हतं. राजकुमारने पहिला सूर लावला, आणि तो स्पीकरमधून, जमिनीतून, खुर्च्यांच्या पायांमधून सगळीकडे गेला. चरचरला, पण गेला. पुढच्या रांगेत कडुबांनी छातीवर हात ठेवला. शेजाऱ्याला म्हणाले, “इथं वाजतंय बघा. काळजात.” मुलं नाचायला उठली. राजकुमारचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. दुसऱ्या कडव्याला वळताना त्याचं बोट एका पट्टीने पुढे पडलं, आणि असा एक भला मोठा, जाडजूड, बेसूर आवाज निघाला, की तो थेट हमरस्त्यापर्यंत ऐकू गेला असावा.

लीलाबाई गर्रकन वळल्या. माइक बाजूला करायचंही त्यांना भान राहिलं नाही.

“ए राजकुमार! सूर कुठंय तुझा? ध्यान कुठंय? शेण खातो काय?”

सगळं मैदान हसलं. मोहियोद्दीन हसला. साउंडवाला हसला. आणि राजकुमार, ज्याला म्हशीचासुद्धा राग यायचा, तो लीलाबाईंकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, ते त्याला आवरेचना.

“ऐकू आलं का बाई तुम्हाला?” त्याने विचारलं.