गायनपथक सर्वांस राजी करू निघाले त्याची हकीकत

परमेश्वर जो राजांचा राजा, ज्याचे हुजुरात जावयास अर्जी लागत नाही आणि चोपदार आडवा येत नाही, त्याचे चरणी मस्तक ठेवोन लेखनास आरंभ केला. कारण ऐसे की, आमचे मंडळीच्या पाळकीणबाईंनी आज्ञा केली जे, उपासनेचे गायनपथकाने थोर मोहीम केली, तीत शिकस्त कैसी खाल्ली आणि मग फत्ते कैसी पावली, हे आद्यंत लिहोन ठेवावे. त्याजवरोन जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे तिखटमीठ पडले असल्यास चिमूटभर, अधिक नाही.

पथकात असामी चार. सरदार ते चष्मेवाले, पेठेत चष्म्यांचे दुकान, स्वभाव लोण्याहून मऊ, गिऱ्हाईक जी फ्रेम नाकावर चढवील ती त्यास शोभते म्हणणार, आणि कीबोर्ड वाजविण्यात वाकबगार. दुसऱ्या वहिनी, म्हणजे सरदारांचे थोरले बंधूंचे कुटुंब, टपाल कचेरीत खिडकीवर बसणार, आवाज खणखणीत आणि जबान त्याहून खणखणीत. तिसरे कंडक्टर, बसवर नेमणूक, ड्रमांचा तोफखाना यांचे हवाली. चौथे सुतार, गिटार वाजवीत, आणि बोलणे वर्षास दोन वेळ.

ही फौज दर शनिवारी दुपारी प्रार्थनामंदिराचे मागील खोलीत जमे, अर्धा तास गुडघे टेकोन प्रार्थना करी, मग तालीम करी, आणि रविवारी चार गीते गाऊन आपापले घरी जाई. ऐसे सुखरूप चालले असता एके रविवारी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, पहिल्या बाकाच्या तहहयात जहागीरदार, यांनी सरदारांस गाठोन फर्माविले जे, ड्रमाने आमची कानशिले बधिर जाहली, बंदोबस्त व्हावा. सरदारांनी तेथेच शंभर वेळ माफी मागितली आणि पुढील रविवारी ड्रमांवर गोधडी घातली. मग मागील बाकांवरील जवान मंडळींचा खलिता आला की, ड्रम ऐकू येत नाहीत, उपासना आहे की दवाखाना? तेव्हा गोधडी अर्धी काढली. त्याने दोन्ही पक्ष नाराज जाहले, आणि सरदारांस अन्न गोड लागेना.

मग सरदारांनी मसलत केली की, सर्वांचे मत एकवेळ कळले म्हणजे सर्वांस राजी राखणे सोपे. सबब सुतारांकडोन लाकडी सूचनापेटी करविली आणि दाराशी ठेविली. आठ दिवसांत चिठ्ठ्यांचा पूर आला. एकाने लिहिले, आवाज वाढवा. दुसऱ्याने लिहिले, आवाज आवरा. एकीने लिहिले, वहिनींनी हसतमुख गावे, आणि त्याच हस्ताक्षरात पुढील आठवड्यास, इतके हसण्यासारखे काय आहे? सरदार एकेक चिठ्ठी प्रमाण मानोन अंमल करू लागले. चार गीतांची सात जाहली, सातांची अकरा जाहली, आणि पाळकसाहेबांचे उपदेशाचा मुलूख गीतांनी ऐसा काबीज केला की, त्यांजकडे अवघी नऊ मिनिटे शिल्लक राहिली. ते भले गृहस्थ, घड्याळाकडे पाहात बोलत आणि घाम पुशीत.

चिठ्ठ्या वाचावयास वेळ पुरेना, म्हणोन शनिवारची अर्ध्या तासाची प्रार्थना होती ती पंधरा मिनिटांवर आली, मग पाचांवर, मग कंडक्टर म्हणू लागले, "चला, मनातल्या मनात झाली." त्या वेळात चिठ्ठ्यांचे तीन ढीग होऊ लागले: तारीफ, तक्रार आणि किरकोळ. तारीफ मोठ्याने वाचीत, तक्रार दोन दोन वेळ वाचीत, आणि ज्या चिठ्ठीत गाण्याविषयी बरेवाईट काहीच मत नसे, ती किरकोळात पडे आणि पडोन राही.

ऐसे असता आसपासचे मंडळ्यांच्या विभागाचे अध्यक्षसाहेबांची स्वारी येत्या रविवारी उपासनेस येणार ऐसी खबर आली. मग काय विचारावे! सरदारांनी बारावे गीत मुक्रर केले, एकसारखे निळे सदरे ठरविले, आणि शनिवारी दुपारी दोन वाजता फौज गोळा केली. तारीफ आणि तक्रार वाचोन जाहली. वहिनींस पाणी प्यावयाचे होते, पेला किरकोळ ढिगावर ठेविलेला, तो उचलताना तळास एक चिठ्ठी चिकटोन आली. वहिनींनी ती सोडवोन वाचली, आणि त्यांचे तोंडचे पाणी पळाले.

"भाऊजी, हे वाचलंत?"

"कुणाची? आवाजाबद्दल आहे का?"

"मावशींची."

मावशी म्हणजे प्रार्थनामंदिराची झाडलोट करणार बाई. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या: पुढच्या शनिवारी चार वाजता सरकारी रुग्णालयात लेकीच्या पोटातली गाठ काढणार आहेत, मला फार भीती वाटते, प्रार्थना व्हावी. चिठ्ठी नऊ दिवसांची होती. भिंतीवरील घड्याळात तीन वाजोन दहा मिनिटे जाहली होती.

मग सुतार, ज्यांचे वर्षाचे एक बोलणे अद्याप बाकी होते, ते बोलले, "कालच त्यांनी ही खोली पुसली. मी पाय वर घेऊन बसलो होतो. विचारलंसुद्धा नाही."

सरदारांचे मनात दोन फौजा समोरासमोर आल्या. एकीकडे अध्यक्षसाहेब, बारावे गीत, निळे सदरे आणि पहिला बाक, आणि एकीकडे दोन ओळी. लढाई फार तर अर्धा मिनिट चालली. सरदारांनी कीबोर्ड बंद केला आणि हुकूम सादर केला जे, तालीम मोडली, कूच करावे.

कुचाची गडबड ऐसी की, कंडक्टर ड्रमाच्या काठ्या हाती घेवोनच निघाले, आणि बसमध्ये दुसऱ्या कंडक्टराने त्यांस तिकीट विचारले ते त्यांस सारी वाट मानवले नाही. चारास पाच मिनिटे कमी असता रुग्णालयाचा तिसरा मजला गाठला. मावशी बाकावर एकट्या बसल्या होत्या, मांडीवर लेकीच्या चपला. सरदार पुढे होऊन माफी मागो लागले, आणि माफी मागण्यात तो त्यांचा हात धरणारा मुलखात कोणी नव्हता. मावशींनी त्यांस मध्येच थांबविले.

"असू दे हो दादा. ती चिठ्ठी तुम्हाला नव्हतीच. देवाला होती. तुमची पेटी वाटेत होती, म्हणून तीत टाकली."

हे वाक्य मावशी सहज बोलल्या, परंतु सरदारांस ते तोफेच्या गोळ्याप्रमाणे लागले. आपण वाटेत होतो, आणि वाटेतच बसोन राहिलो, हे त्यांस त्या क्षणी समजले. मग चौघांनी बाकाभोवती गुडघे टेकले आणि प्रार्थना केली. कोणास शब्द सुचत नव्हते, तरी केली. मावशी म्हणाल्या एखादं गा, म्हणोन चौघे एक कडवे हळू गायले. परिचारिका येवोन ओठांवर बोट ठेवोन गेली, तेव्हा आणिक हळू गायले. सरदार दोन ठिकाणी शब्द विसरले आणि सुतार चुकीची पट्टी धरोन बसले, परंतु कोणी कोणाकडे पाहिले नाही. साडेसहास डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गाठ निघाली, साधीच होती, लेक शुद्धीवर येते आहे. मावशींनी चपला जमिनीवर नीट जोडोन ठेविल्या आणि मग रडल्या.

रविवारी पहाटे सरदारांनी पथकास ताकीद दिली जे, आज आधी अर्धा तास प्रार्थना, पुरी, घड्याळ लावोन. मग तालीम जाहली तितकी जाहली. गीते अवघी तीन गायली, सदरे चौघांचे चार रंगांचे, आणि पाळकसाहेबांस पस्तीस मिनिटे मिळाली, ती त्यांनी ऐसी वापरली की मागील बाकावरील जवानांनी मोबाइल खिशात ठेविले. अध्यक्षसाहेबांनी काय मत दिले ते कोणी विचारिले नाही, सबब या लेखकास ठाऊक नाही.

परंतु मोहिमेची खरी लढाई पुढेच होती. उपासना उठताच मुख्याध्यापिकाबाई काठी टेकीत चालोन आल्या.

"तीनच गाणी? आणि तीही अशी? मला मुळीच आवडलं नाही."

सरदारांची जीभ जुन्या सवयीने माफी मागावयास उठली, ती त्यांनी दाताखाली दाबली.

"नसेल आवडलं, बाई. आम्ही देवापुढे गायलो, जमलं तसं. पण तुम्ही कशा आहात? खरंच विचारतोय."

बाईंनी चाळीस वर्षे शाळा चालविली, हजारोंस प्रश्न विचारिले, परंतु हा प्रश्न त्यांस कोणी केला नव्हता. त्या बाकावर बसल्या. काठी आडवी मांडीवर घेतली.

"घरी कुणाशी बोलणंच होत नाही रे आठवडाभर," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर रागावते, तेवढंच."

वहिनी त्यांचे एका अंगास बसल्या, कंडक्टर दुसऱ्या अंगास, आणि सुतार व सरदार समोर जमिनीवर.

येणेप्रमाणे त्या रविवारी, दोन प्रहरास वीस मिनिटे कमी असता, पहिल्या बाकापाशी चौघांनी प्रार्थना केली, आणि तिचे अखेरीस मुख्याध्यापिकाबाईंनी सर्वांहून मोठ्याने आमेन म्हटले. ते सुरात नव्हते. कोणी दुरुस्त केले नाही. मोहीम फत्ते जाहली म्हणोन कागदी रुजू केली असे.