फुटपाथवर गेलेली रेकॉर्ड

रेकॉर्ड गेल्याचं हार्टविगला कळलं, तेव्हा नगरपालिकेची गाडी येऊन गेली होती आणि फुटपाथ लख्ख होता.

जर्मनीतल्या गेल्सनकिर्शनमध्ये अडगळीचा दिवस ठरलेला असतो. आदल्या संध्याकाळी सामान फुटपाथवर ठेवायचं, सकाळी गाडी ते नेते. मधल्या वेळात जो उचलेल त्याचं.

"तळघरातलं खोकं कुठंय?" त्यानं तळघर आवरून गेलेल्या मेहुणीला फोन लावला.

"ठेवलं ना बाहेर. बुरशी आली होती," रोझविटा म्हणाली. "वर कवटीचं चित्र होतं कसलंतरी."

"ती कवटी मी काढली होती."

"मग बरंच झालं."

"त्यात मारलिसचा आवाज होता."

"ते मला कसं कळणार? तू कधी काही बोलतोस का?"

तरुणपणी खाणीतली पाळी संपली की हार्टविग 'ग्रुबेनब्रांड' नावाच्या थ्रॅश मेटल बँडमध्ये गिटार बडवायचा. बँडनं एकच अल्बम काढला. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात किंकाळी हवी होती आणि नेमका गायकाचा घसा बसला. डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं, मारलिसनं, ती किंकाळी एका दमात मारली. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटो ढीगभर होते, आवाज तेवढाच. तो ऐकवेना, म्हणून त्यानंच ते खोकं तळघरात नेऊन ठेवलं होतं.

त्यानं नगरपालिकेत फोन केला.

"रेकॉर्ड कसली होती?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"थ्रॅश मेटल."

"मग कचऱ्यातच गेली असेल हो."

हार्टविगनं फोन आपटला. दुपारी तो सोफ्यावर धुमसत पडला होता, तोच खालच्या घरातल्या संगीतानं जमीन हादरायला लागली. विश्रांतीच्या वेळी, भर दुपारी! आयुष्यात त्यानं ही वेळ कधी पाळली नव्हती, पण आज त्याचं डोकं फिरलं. झाडू उचलून त्यानं दांडा जमिनीवर दाणदाण आपटला. मग एक चुकलेला सूर ऐकू आला आणि त्याचा हात थांबला. ती चूक त्याचीच होती.

तो जिना उतरला. खाली कोप्का राहायचे. याच गाण्यांपायी वर्षानुवर्षं छताला झाडू ठोकणारे कोप्का.

"ही रेकॉर्ड माझी आहे."

"फुटपाथवर होती."

"चुकून ठेवली गेली."

"तुमचा सोफाही फुटपाथवरूनच आला. माझा होता तो. बायकोनं न विचारता बाहेर काढला. मी मागितला परत?"

"तुम्हाला तर हे संगीत सहन होत नव्हतं."

"आजही होत नाही. भिकार वाजवलंय. पण वरती सामसूम झाल्यापासून दुपारी माझा डोळा लागत नाही. आता लागला होता, तर तुम्ही झाडू आपटलात. लाज नाही वाटत?"

"वाटते," हार्टविग म्हणाला.

"मग बसा. आलूबुखारचा केक आहे."

दोघं बसले. पहिली बाजू संपली. ती उलटायला कोप्का उठले.

"राहू द्या. उद्या लावू."

कोप्कांनी त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सुई उचलून ठेवली.

आता हार्टविग रोज दुपारी खाली जातो. रेकॉर्ड कोप्कांकडेच आहे. पहिली बाजू वाजते, कोप्का घोरतात, तो केक खातो.

दुसरी बाजू अजून लावायची राहिली आहे.