टिपणीसकाका आणि आटलेलं यिन

आमच्या ब्लॉकमधले टिपणीसकाका लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत पडत नाहीत. सरळ म्हणतात, "जीभ दाखव."

पहिल्यांदा मी बावचळून दाखवली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइलचा टॉर्च मारला आणि निकाल दिला, "लाल. थर नाही. मधे भेग. यिन कमी." तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि बाहेर उभ्या असलेल्या चिनी आजोबांनाही माझी जीभ दिसली.

काका इथे सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात. आंग मो किओतल्या आमच्या ब्लॉकखाली एका चिनी वैद्यबाईंचं दुकान आहे. काकूंना घेऊन काका तिथे गेले, ते निमित्त झालं. काकूंचे तळहात संध्याकाळी भाजायचे, झोप उडाली होती, पहाटे घामाने उशी भिजायची. बाईंनी नाडी पाहिली आणि यिन कमी आहे म्हणाल्या. झालं, काका मुळाशी गेले.

"उष्णता वाढली असं आपण म्हणतो, तिथंच चुकतं," ते समजावतात. "यिन म्हणजे शरीरातला ओलावा, गारवा. चुलीवर आधण ठेवलंय. जाळ आहे तेवढाच आहे, पाणी आटलंय, म्हणून पातेलं तापतंय. आता जाळ विझवायचा की पाणी घालायचं?"

"पाणी," असं आपण म्हणायचं. नाहीतर ते लिफ्टचं दार धरून ठेवतात.

पाणी म्हणजे खडीसाखरेत शिजवलेली नासपती, तळकट बंद आणि लवकर झोप. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, माझ्या तिखट नूडल्सकडे ते असे बघतात की घास घशाखाली उतरत नाही. माझी लेक तर त्यांना पाहताच जीभ काढून पक्क्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "अंकल, माय यिन ओके लाह."

पण गावाला औषध आणि घरी दिव्याखाली अंधार. "ऑफिसातून आलो की रोज हिचे तळहात धरून बघतो," काका परवा हिरमुसून म्हणाले. "विचारतो, आज कमी आहे का? म्हणते, नाही हो, गरमच आहेत. माझंच काहीतरी चुकतंय बघ." आवाज पार बसला होता त्यांचा. मला वाईट वाटलं.

रविवारी काका नासपती आणायला गेलेले असताना मी काकूंकडे डोकावले. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. हात चांगला गार होता.

"काकू, अहो, तुमचे हात तर गार आहेत."

"केव्हाचेच," काकू म्हणाल्या. "झोपही छान लागते." मग त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. "यांना बोलू नकोस हं. इतकी वर्षं घरी आले की आधी लॅपटॉप उघडायचे. आता आधी माझ्याजवळ बसतात. दोन्ही हात हातात घेतात आणि विचारतात, आज कशी आहेस?"

खाली जायला निघाले तर लिफ्टच्या दारातच काका भेटले, हातात नासपतींची पिशवी. जीभ वगैरे विसरूनच गेले होते. "काय म्हणाली ग ती? काही फरक?"

"तुमचा उपाय अगदी बरोबर आहे, काका," मी म्हणाले. "फक्त मधेच सोडू नका."