हैबतरावांच्या रथास दाती मोटार लाभली त्याची हकीकत

ज्या आदिकारागिराने पहिले चाक फिरविले त्यास वंदन करोन लिहिले ऐसे जे : शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, एका राज्यी हैबतराव नामे धनी नांदत होते. राज्य म्हणावे तर घर, अंगण आणि अंगणातील पत्र्याची शेड इतकेच. परंतु त्या शेडीत, आपल्या हाते जुळवावयाच्या दोन आसनांच्या रथाचा लोखंडी सांगाडा व फायबरचे अंग सात वर्षे ताडपत्रीखाली निजले होते. रथास प्राण नव्हता. तो दुसऱ्या मोटारीचा काढोन घालावा लागे, आणि इंजिन देणाऱ्या त्या मोटारीस कारागीर दाती म्हणत. मग धन्यांच्या पत्नी वेणूबाईसाहेब यांनी आज्ञा केली की, पाडव्यास रथ गर्जला तर राहील, न गर्जला तर भंगारवाला नेईल.

हैबतराव डगमगले नाहीत. आदल्या साली त्यांनी बाजारातून चकचकीत इंजिन एकटेच आणिले होते. परंतु नव्या जमान्याचे इंजिन एकटे नांदत नाही. त्याची संगणकपेटी, किल्ली व मीटर एकमेकांस ओळखतील तरच ते सुरू होते, आणि ती मंडळी बाजारातच राहिली. इंजिन मुके निघाले, आणि बाईसाहेबांनी त्यावर कोरफडीची कुंडी ठेविली. सबब या खेपेस मोटार पुरी घ्यावी ऐसा मनसुबा करोन धन्यांनी दस्तगीर मिस्त्रींस पाचारिले, आणि उभयतांनी तीन गावे पालथी घातली. धनी प्रत्येक मोटारीच्या रंगावरोन हात फिरवीत, दारे लावोन आवाज ऐकत आणि प्रसन्न होत. तिसऱ्या गावी मिस्त्री बोलिले, "रावसाहेब, जे अंग आपण फेकणार, त्यालाच तुम्ही कुरवाळताय. मागून ठोकलेली बघा. पुढचं शाबूत, वायर न कापलेली, आणि मालक ओळखीचा."

हैबतरावांस एकदम उमगले. ऐशी मोटार त्यांच्याच अंगणात होती. बाईसाहेबांनी ती बारा वर्षे चालविली होती; आषाढात सिग्नलास उभी असता मालट्रकाने मागून धडक दिली, मागील अंग चेपले, आणि बाईसाहेब ओरखडाही न लागता बाहेर आल्या. तेव्हापासोन ती मोटार त्या कोणास देत ना, आणि दर शनिवारी तिची काच पुसीत. रथ गेला तरी चालेल, परंतु हे मागणे तोंडावाटे कैसे काढावे, या विचारे धन्यांस परतीची वाट फार लांब वाटली. तरी घरी येताच त्यांनी चहापूर्वीच विषय काढिला.

"तिने मला वाचवलं, आणि तुम्ही तिला फाडणार?" बाईसाहेब बोलिल्या.

"जीव तेवढा हलवणार, वेणू. अशीच उभी राहिली तर गंजेल."

मिस्त्रींनी एकही वायर न कापण्याचा, प्रत्येकीस क्रमांक बांधण्याचा शब्द दिला. बाईसाहेबांनी मोटारीची काच पदराने एकवार पुसली. मग म्हणाल्या, "बरं. पण किल्ली माझ्याकडे राहील." दुसरी किल्ली हैबतरावांनी मागेच नदीत पोहताना गमाविली होती, म्हणोन यावर वाद करण्यास जागा नव्हती.

मग सारा माघ व फाल्गुन खपोन इंजिन आसनांमागे बसविले, आणि धन्यांनी एकेक क्रमांक वाचोन वायरी जोडिल्या. शके १९४७ लागले, पाडव्यास गुढी उभारली आणि बाईसाहेबांनी किल्ली फिरविली. रथ बोलला नाही. पुन्हा फिरविली, तरी नाही. मिस्त्रींनी समोर पाहिले तो तेथे धन्यांनी हौसेने पितळी काठाची गोल मीटरे बसविलेली. मिस्त्रींनी मोटारीचे जुने मीटर कपाटातून आणोन मुकाट्याने जोडिले, आणि तिसऱ्या खेपेस रथ ऐसा गर्जला की शेडीचे पत्रे थरारले. हैबतरावांचे डोळे भरोन आले. ते चालकाच्या बाजूस आले, तो बाईसाहेब जागच्या हलल्या नाहीत. "तिकडून बसा," इतकेच बोलिल्या.

येणेप्रमाणे दातीची निवड जाहली. रथ हैबतरावांनी बांधिला, चालवितात बाईसाहेब, आणि त्यांच्या शेजारी बसोन राज्याची पाहणी धनी आनंदे करितात. मुके इंजिन कोरफड सांभाळोन आहे.