वाफेसकट पाचव्या मजल्यावर

"कारखान्यात बनवलेली न्हाणीघरं? या इमारतीत? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही!" तौनोने कॉफीचा कप टेबलावर आपटला.

तौनो म्हणजे फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातल्या घरांना नळ जोडण्यात हयात घालवलेला मुकादम. समोर बसली होती साइला, या बांधकामाची इंजिनिअर. पाईप, वायरी, फरशी आणि तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायचा सौना, असं सगळं आत बसवलेली आयती खोली कारखान्यातून आणायची आणि क्रेनने उचलून मजल्यावर ठेवायची, हा हट्ट तिचाच. नमुन्याची खोली आवारात येऊन उभीसुद्धा होती. ती नापास झाली तर साइलाने दुसरी नोकरी शोधावी, असं मालक हान्नेसनी तोंडावर सांगितलं होतं.

"अगं पोरी, उचलताना एक सांधा ढिला झाला, तर खालचे सगळे मजले गळतील. मग फडकं घेऊन तू बसणार का पुसत?"

"भांडू नका रे," हान्नेस म्हणाले. "सौनात बसल्याशिवाय सौनाचं काय ठरवायचं? वीज जोडा, पाणी जोडा. तौनो, कपडे काढ!"

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. दोघं टॉवेल गुंडाळून आत गेले, दार लागलं. साइला कोपऱ्यावरच्या दुकानात सॉसेज आणायला पळाली. सौनानंतर सॉसेज मिळालं नाही तर हान्नेस चांगल्या गोष्टीलाही नाही म्हणतात. या गडबडीत तिने क्रेनवाल्याला सकाळी दिलेला हुकूम मागे घ्यायचा तेवढा राहिला: दार बंद दिसलं की खोली उचलून पाचव्या मजल्यावर ठेव.

दार तर बंदच होतं. त्याच्या माणसांनी वायर काढली, नळ सोडवला, साखळ्या अडकवल्या.

साइला परत आली आणि जागीच थिजली. आवारात उरले होते फक्त दोघांचे बूट. खोली आभाळात झुलत होती.

"अरे देवा! थांब, थांब! आत माणसं आहेत!" ती वॉकीटॉकीत किंचाळली.

"कोण माणसं?" क्रेनवाल्याने विचारलं.

"मालक!"

मग तो बारीक आवाजात म्हणाला, "वारा आहे बाई, मध्येच थांबवता नाही यायचं. अलगद ठेवतो हं."

साइला जिने धावत चढली. नोकरी तर गेलीच, आता तुरुंग, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने दार ओढलं. वाफेचा लोट बाहेर आला आणि मागोमाग लालबुंद हान्नेस.

"साइला, तुझी वीज गेली बघ. तौनो खूश झालाय, म्हणतो पहिला दोष..."

समोर इमारतीला अजून भिंतच नव्हती. खाली अख्खं ताम्पेरे पसरलं होतं आणि पलीकडच्या बाल्कनीतल्या आजीबाई त्यांच्याकडे बघून हात हलवत होत्या. हान्नेसनी टॉवेल दोन्ही हातांनी धरला.

"बाप रे! मला वाटलं, वाफ डोक्यात गेली म्हणून गरगरतंय!"

तौनो आत ओणवा होऊन पाणी भरलेल्या पाईपच्या एकेका सांध्याला बोट लावत होता. बोट कोरडं. पुन्हा लावलं, पुन्हा कोरडं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"एक थेंब नाही," तो म्हणाला. "हान्नेस, सगळ्या खोल्या कारखान्यातूनच मागव."

"नक्की?"

"नक्की. पण तपासणी अशीच व्हायला पाहिजे. दगड तापवायचे, मी आत बसणार, मग उचलायचं. प्रत्येक खोली!"

"सगळ्या तूच का? निम्म्या माझ्या," हान्नेस तावातावाने म्हणाले.

साइला धप्पकन खाली बसली.

"मी काय म्हणते," ती कशीबशी म्हणाली, "हाताने जोडलेले नळ तरी काय वाईट असतात?"