चाळीस का ऐंशी?

मार्च १९७८, दुसरा रविवार, सकाळी अकरा. स्थळ : तासगाव, भूपालअण्णांची बेदाण्याची शेड. हजर : साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार, कडेगावच्या उसाच्या मळ्यातल्या आक्का, कवठे महांकाळचे एक गुरुजी, सांगलीहून मी, आणि यजमान भूपालअण्णा. गैरहजर : कोणी नाही. वाढायला : अण्णांच्या पत्नी आणि मुलगी विमल. नावं बदलली आहेत, हे आधीच सांगते.

हजेरी घ्यायची मला सवय आहे. मी सांगलीत मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. पण त्या दिवशीची हजेरी निराळी होती. आम्हा पाहुण्यांचं गाव, जात, वय काहीच जुळत नव्हतं. जुळत होतं ते एवढंच की प्रत्येकाच्या पिशवीत काचेची सिरींज होती आणि प्रत्येकाला अण्णांनी कुठल्या ना कुठल्या एस.टी. स्टँडवर, लग्नात किंवा बाजारात पकडलं होतं.

नाव, गाव, घराणं ओळखणारी माणसं पुष्कळ असतात. अण्णा सुई ओळखायचे. इन्शुलिन घेणारा माणूस त्यांना वीस पावलांवरून कळायचा. मग ते टोपी सारखी करून त्याच्याजवळ जायचे आणि ओळखपाळख नसताना विचारायचे, "चाळीस का ऐंशी?"

मला त्यांनी त्या रविवारच्या आदल्या वर्षी असंच पकडलं. सांगलीच्या स्टँडवर मी बाकावर बसून डबा खात होते, मांडीशी थर्मास. धोतर, काळी टोपी, हातात छत्री असे एक गृहस्थ दुसऱ्या टोकाला येऊन बसले आणि त्यांनी तो प्रश्न टाकला. मला वाटलं, वय विचारतात.

"पंचेचाळीस," मी म्हटलं. "तुम्हाला काय करायचंय?"

"वय न्हाई वो बाई. सुई. चाळीसची घेता का ऐंशीची?"

इन्शुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, चाळीस आणि ऐंशी. हे फक्त डॉक्टरला, औषधवाल्याला आणि आम्हाला ठाऊक. वसतिगृहात मी ही गोष्ट चार वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. मी डबा मिटला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आवं, थर्मासात च्या असता तर तुमी प्याला असता. पंधरा मिंटं झाली, टोपण उघडलं न्हाई. म्हंजे बर्फ हाय, आन् बर्फात बाटली. आन् भाकरी खाताना घड्याळाकडं कोण बघतंय? माणूस भूक बघतंय."

मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक वही काढली आणि दुसरा प्रश्न विचारला. हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. "कितव्या वर्षी लागली?"

"एकेचाळिसाव्या."

त्यांचा चेहरा असा उतरला की मीच नापास झाल्यासारखं मला वाटलं. "ऱ्हाऊ द्या," असं पुटपुटत त्यांनी शिसपेनीनं आकडा लिहिला. पुढच्या आठवड्यात ते वसतिगृहावर आले, माझ्या सिरींजची डबी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि मगच तो आकडा शाईनं गिरवला. त्यांचा तो नियमच होता. ऐकलेलं शिसपेनीनं, पाहिलेलं शाईनं. यादी ठेवणाऱ्या बाईला असा माणूस आवडायला वेळ लागत नाही. जाताना ते म्हणाले, "बाई, बाटलीवरचा कागद काढून टाकत जावा."

"मुदतीची तारीख कशी कळणार?"

"तारीख चिकटपट्टीवर लिवायची. कागुद काढायचा." कारण त्यांनी सांगितलं नाही.

चुका व्हायच्या. साताऱ्यात एका माणसाला स्पिरिटचा वास आला म्हणून ते त्याच्या मागे चार गल्ल्या चालत गेले. तो गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर निघाला, आणि सुई म्हशीची होती. एका लग्नात नवरीचे मामा जिलबी पानाच्या कडेला सारत होते. अण्णांनी पंगतीच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक दिली, "पाव्हणं, चाळीस का ऐंशी?" मामांची दाढ दुखत होती. शेजारचा म्हणाला, "ऐंशी खाल्ल्यावर ह्यास्नी बैलगाडीतनंच न्यावं लागंल." सगळी पंगत हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलेली ओळ खोडली.

धंदा बेदाण्याचा, आणि अण्णा बेदाणा चाखायचे नाहीत. दाणा दोन बोटांत फिरवायचा, हुंगायचा, उन्हाला धरायचा आणि भाव सांगायचा. इतर व्यापारी चिडवायचे, "अण्णा, जीभ घरात इसरून आलायसा काय?" अण्णा मोठ्यांदा म्हणायचे, "साखर हाय गड्या मला." स्टँडवर चहा मागतानाही असंच. "बिनसाखरेचा दे रं! मला साखर हाय!" तीन बाकांपलीकडे ऐकू जाईल असं. माणसं हा रोग लपवतात आणि हे गृहस्थ दवंडी पिटतात. मला ते फारच विचित्र वाटायचं. तोवर अशा दहा गोष्टींची यादी मी करू शकले असते, पण त्या यादीतून जे दिसत होतं ते मला दिसलं नाही.

तर तो रविवार. शेडमध्ये द्राक्षं वाळत होती, गोड वास दाटला होता आणि त्या वासात आम्ही साखरेची माणसं सतरंजीवर बसलो होतो. सुया एकत्र उकळायची व्यवस्था मी हातात घेतली. पाच सिरींज, पाच निराळ्या रंगांचे दोरे. सुभेदारांनी बाही सारली, "फायर" म्हणाले आणि सुई टोचून घेतली. आक्का पदराआड मांडीत टोचता टोचता बोलतच होत्या. "तुरा उसाला यावा, साखर पोत्यात पडावी. देवानं माज्या रगतात कारखाना काढलाय. आन् हंगाम सरला तरी गाळप बंद व्हईना!"

"आक्का, गूळ सोडला का?" गुरुजींनी विचारलं.

"सोडला की. घरच्यांच्या म्होरं."

माझी झाली. गुरुजींची झाली. चार सिरींजा परत आल्या. पाचवी, पांढऱ्या दोऱ्याची, अण्णांची, भांड्यात नव्हती.

"अण्णा, तुमची?"

"माझी घरात झाली," ते म्हणाले आणि बाहेर पाहू लागले.

मी रेक्टर आहे. एक कमी भरलं की शोधायला उठते. शेडच्या मागेच त्यांचं घर. आतल्या खोलीत विमल भिंतीला टेकून बसली होती, साडी गुडघ्यावर, आणि पांढऱ्या दोऱ्याची सुई तिच्या मांडीत होती. शेजारी कागद काढलेली बाटली. ती दचकली नाही. सुई काढून कापूस दाबत म्हणाली, "अण्णास्नी साखर न्हाई, बाई. मला हाय."

"कधीपासून?"

"चौथीत असल्यापासनं. नववं वर्ष हुतं तवा मला."

"आणि अण्णा?"

"घरात बर्फ येतो, सुया उकळत्यात, मिरजेच्या फेऱ्या व्हतात. शेजारी इचारणारच. पोरीला सुई लागली म्हटल्यावर दारात कोण उभं ऱ्हाईल? म्हणून त्यांनी गावात सांगून टाकलं, मला झालीया. आठ वर्षं झाली. बेदाणासुदिक तोंडात टाकला न्हाई."

मी खाली बसले. असं काही ऐकल्यावर काय करायचं हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. म्हणून कामाचं विचारलं. "शाळा?"

"दहावी झाली. पुढं न्हाई गेले."

"का?"

"कशाला, बाई?" ती गणित मांडावं तशी बोलत होती. आवाज चढला नाही की भरून आला नाही. "अण्णा दोन जिल्ह्यांतली माणसं धरून आणत्यात. समदी म्हातारपणी सुई लागलेली. माझ्यागत लहानपणी लागलेलं एक बी गावलं न्हाई. म्हंजे ती पुढं पोचतच नसतील. गेल्या म्हयन्यात मी दोन दिवस सुई घेतलीच न्हाई. बघितलं काय हुतंय. अण्णास्नी सांगू नका."

बाहेरून अण्णांची हाक आली. पानं मांडली होती.

जेवणं झाल्यावर विमल ताक वाढायला आली आणि अण्णांनी वही काढली. या सभेसाठीच त्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ते स्वच्छ मोठ्या आवाजात एकेकाला विचारत गेले, शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तसे. जुनेच आकडे, पण ते असं विचारत होते की जणू या खेपेला कुणाचं तरी उत्तर बदलेल.

"सुभेदार, कितव्या वर्षी?"

"बावन्न."

"गुरुजी?"

"अठ्ठेचाळीस संपताना."

"आक्का?"

"साठी उलाटली तवा. आरं, किती डाव इचारशील?"

विमल प्रत्येकाच्या पेल्यात ताक ओतत होती आणि प्रत्येक आकड्याला मान किंचित हलवत होती. तिचं गणित बरोबर येत होतं.

"बाईंचं लिवलंय," म्हणून अण्णा वही मिटायला लागले.

"बाई, तुमाला कितव्या वर्षी लागली?" विमलनं विचारलं. तांब्या माझ्या पेल्यावर तसाच धरलेला.

"तेराव्या," मी म्हटलं.

तांब्या हलला. ताक सतरंजीवर सांडलं. "म्हंजे तेहतीस वर्षं!" ती म्हणाली. माझ्या वयाची स्टँडवरची गंमत अण्णांनी घरी सांगितली असणार. तिनं हिशेब केला होता, माझ्याआधीच.

"तेहतीस," मी म्हटलं. "आणि नोकरी वीस वर्षांची. जूनमध्ये आमच्याकडे प्रवेश सुरू होतात. अर्ज पाठव."

अण्णांची शिसपेन थांबली होती. ते माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी अंगठा वहीतल्या माझ्या ओळीवर ठेवला आणि विमल आत जाईपर्यंत उचलला नाही.

चारच्या गाडीला ते मला स्टँडवर सोडायला आले. बाकावर टेकले. मग म्हणाले, "लबाडी केली बाई तुमी."

"केली."

"आमच्यात खोटं बोलणं लय मोठं पाप."

"मग खोडून टाका. तिला सांगा."

ते छत्रीच्या टोकानं मातीत रेघा मारत राहिले. "पाप माझ्याकडं काय कमी हाय व्हय? त्या बाटलीवर छापलेलं असतंय, औषीद कशापासनं काढलंय."

मला ठाऊक होतं. ते औषध गाईगुरांच्या, डुकरांच्या ग्रंथींपासून निघतं. आणि अण्णांचं घर जैन, तिथे कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही.

"म्हणून कागद काढता?"

"तिच्या आईला वाचता येतं, बाई," अण्णा म्हणाले.

गाडी आली. त्यांनी मला खिडकीची जागा धरून दिली.

जूनमध्ये विमल ट्रंक घेऊन वसतिगृहात आली. सकाळची सुई ती माझ्या खोलीत घेते. घेताना विचारते, "बाई, तुम्ही तेराव्या वर्षी सुई कशावर उकळायचात? शाळेत चक्कर आली तर काय सांगायचात?" मी सांगते. सांगितलेलं विसरू नये म्हणून मी एक निराळी वही केली आहे. एक : बाटली आई ओल्या वाळूच्या माठात ठेवायची. दोन : वर्गात चक्कर आली की उपास आहे म्हणायचे. तीन : पहिल्या डॉक्टरांना मिशा होत्या. आजवर बत्तीस मुद्दे झाले. मी आयुष्यात इतकी नीट वही कधी ठेवली नाही आणि इतकी लाजही कधी वाटली नाही. ती पास होते, हसते, मैत्रिणींशी भांडते. आणि माझ्या आयुष्यातली जी तेहतीस वर्षं झालीच नाहीत, त्यांच्यावर ती उभी आहे.

अण्णा दर महिन्याला बाटली घेऊन येतात. एकदा मी त्यांच्यापुढे बशीत बेदाणे ठेवले. खोलीत आम्ही दोघंच होतो. म्हटलं, "इथे कोण बघतंय? घ्या." त्यांनी एक दाणा उचलला, खिडकीच्या उन्हाला धरला, बोटांत फिरवला आणि परत बशीत ठेवला. "माल चांगला हाय," म्हणाले.

मग त्यांनी वही उघडून माझी ओळ दाखवली. शाईचा एकेचाळीस त्यांनी ब्लेडनं खरवडून काढला होता. कागद तिथे इतका पातळ झाला होता की पलीकडचं दिसत होतं. त्यावर शिसपेनीनं तेरा.

"तुमची नोंद हाय," ते म्हणाले. "पर ती शिसपेनीची हाय. कवातरी पोर बोट फिरवंल आन् पुसंल. त्याच्या आत मला एक शाईची पायजे, बाई. एक तरी. लहानपणी लागलेली आन् अजून चालती-बोलती."

त्या दिवसापासून ते पुन्हा हिंडतात. सातारा, कराड, विटा, मिरज. ज्या गाडीत बसतील त्या गाडीत दोन्ही बाजूंची बाकं बघत पुढपासून मागपर्यंत जातात. कंडक्टर त्यांना ओळखतात. वर्ष उलटून गेलं. म्हातारी माणसं आणखी सात मिळाली.

माझ्या रविवारच्या कामांच्या यादीत सहावा मुद्दा तोच असतो : शाईची एक नोंद. परवा मिरजेच्या स्टँडवर तिशीची एक बाई दिसली. मांडीशी थर्मास, टोपण बंद, नजर घड्याळावर. मी पाच मिनिटं पाहिलं, दहा पाहिलं.  उठले, पदर सारखा केला, तिच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "चाळीस का ऐंशी?"

तिनं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, थोडी सरकली, थर्मास उघडला आणि टोपणात चहा ओतून घेतला.

सहावा मुद्दा मी पुढच्या पानावर उतरवून घेतला आहे.