निरोपाची रंगीत तालीम

वडिलांनी जन्मभर बस आगारात वेळापत्रकं बसवली होती. नव्या मार्गावर आधी रिकामी गाडी फिरवून आणल्याशिवाय त्यांनी कधी प्रवासी चढवले नव्हते. आता पोटची मुलगी शिकायला परदेशी निघालेली; तिला काय चाचणी फेरीशिवाय सोडणार?

"माझी गाडी पहिल्या दिवशी कधी चुकलेली नाही," त्यांनी जाहीर केलं.

विमान मंगळवारचं होतं आणि व्हिसासाठी गेलेला पासपोर्ट अजून कुरियरच्या वाटेवर. आधी पासपोर्ट तर येऊ दे, असं लेकीने म्हणून पाहिलं. ऐकतो कोण?

रविवारी सकाळी भरलेल्या बॅगा खाली उतरल्या. रखवालदाराने त्या गाडीत चढवल्या. आईने नुसता हात हलवायचा असं ठरलं होतं; पण तिच्या डोळ्यांना तालीम कळेना, ती फाटकातच हमसून रडली. ते पाहून गॅलऱ्यांतल्या शेजारणीही पदर डोळ्यांना लावू लागल्या. गाडी विमानतळाला वळसा घालून मागच्या फाटकाने परत आली, ते मात्र कुणाच्याच नजरेस पडलं नाही. वडील खूश. फक्त आईचं रडणं जरा आटोपशीर हवं, असा शेरा त्यांनी मारला.

सोमवारी लेकीच्या मोबाइलवर कुरियरचा निरोप झळकला: रखवालदाराच्या सांगण्यानुसार ग्राहक परदेशी रवाना, पाकीट परत पाठवत आहोत.

ती चप्पल न घालताच गाडीत बसली. कुरियरच्या कचेरीत पाकीट समोरच्या फळीवर दिसत होतं, पण कारकून ओळखपत्र मागत होता. एक ओळखपत्र त्या पाकिटात, बाकीची घाईत घरी राहिलेली, आणि परतीचा टेम्पो सुटायच्या बेतात. कारकुनाने खात्रीसाठी रखवालदाराला फोन लावला.

"गेली हो ती. मी स्वतः बॅगा उचलल्या."

लेकीने फोन हिसकावला. "काका, अहो मीच बोलतेय!"

"बघा," रखवालदार कौतुकाने म्हणाला, "पोचल्याचा फोनही आला. आवाज किती जवळून येतोय."

शेवटी कारकुनानेच पाकीट फोडलं. फोटोतली मुलगी जेवढी घाबरलेली होती तेवढीच समोरची होती, ओळख पटली.

मंगळवारी खरंच निघायची वेळ झाली. गॅलऱ्या रिकाम्या. सगळ्यांचं रडून झालेलं. आईने ठरल्याप्रमाणे नुसता हात हलवला आणि तो खाली घ्यायचं विसरली. एव्हाना तालमीचं कळलेल्या रखवालदाराने जागेवरूनच विचारलं, "संध्याकाळी मागच्याच फाटकाने येणार ना? उघडं ठेवतो."

गाडी वेळेवर सुटायला काहीच हरकत नव्हती. फक्त वडिलांना किल्ली सापडेना. खिसे चाचपले, बॅगांखाली पाहिलं, सीटखाली वाकून पाहिलं.

किल्ली त्यांच्या मुठीतच होती. ते लेकीला केव्हाच दिसलं होतं. तीही वाकून शोधू लागली.